रिमोट मिळाला, ट्रक राहिला

(सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील महिला समुपदेशन केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढं विषय छापलाय, ‘पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचार कायदा : केंद्रातील अनुभव’. अनुभव सांगणारच आहे. पण मी सोबत ही कापडी पिशवी आणलीय. हिच्यात एक ट्रक आहे, रिमोटवर चालणारा. ज्या मुलीचा आहे तिनं दोन दिवसांच्या बोलीवर दिलाय. देताना त्यातले सेल मात्र काढून घेतले. म्हणाली, ‘सेल तुमचे तुम्ही घाला.’ तर आधी ट्रकचं सांगते. कायदा त्यातूनच येईल.

ही मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिची आई आमच्या केंद्रात आली. आईचं नाव मी सांगणार नाही. सासर सातारा जिल्ह्यात हायवेला लागून, माहेर सांगली जिल्ह्यात. पुणे-बंगळूर हायवे म्हणजे आपल्या दोन्ही जिल्ह्यांची शीर. पूर्वी त्याला चार नंबरचा हायवे म्हणायचे, आता कागदावर अठ्ठेचाळीस झालाय. या रस्त्यावर आपल्याकडची किती घरं जगतात आणि किती मोडतात, हे इथं बसलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. हिचा नवरा त्याच रस्त्यावर ट्रक चालवायचा. आधी आठवड्यानं घरी यायचा, मग महिन्यानं, मग येणं थांबलं आणि पैसेही थांबले. विचारलं की मारहाण. शेवटी सासूनं मुलीसह बाहेर काढलं. आपल्या रजिस्टरात अशा नोंदी पानापानावर आहेत, म्हणून जास्त सांगत नाही.

तिचं सामान परत मिळवायला आम्ही गेलो होतो. स्त्रीधनाची यादी केली होती. भांडी, शिलाई मशीन, कपाट, दोन गाद्या. सासरच्यांनी एका पोत्यात काही किरकोळ वस्तू कोंबून दिल्या. माहेरी येऊन पोतं उलटं केलं, तर त्यात एक रिमोट निघाला. बापानं कधीतरी जत्रेतून मुलीला रिमोटचा ट्रक आणला होता. ट्रक चुलतभावाकडं राहिला, कारण मुलगा ट्रक कसा सोडेल? आणि मुलगी ट्रक घेऊन काय करेल? रिमोट तेवढा पोत्यात पडला. बहुधा कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

त्यानंतर मुलगी प्रत्येक तारखेला आईबरोबर केंद्रात यायची ती हातात रिमोट घेऊन. बाकावर बसून बटणं दाबत राहायची. समोर काहीच हलत नसे.

आमच्या केंद्रात मुलांसाठी एक कपाट आहे. तुमच्याकडंही असेल. लोकांनी दिलेली खेळणी. बाहुल्या, भातुकली, तुकडे हरवलेली कोडी. मुलीला रमवायला मी बाहुली दिली. तिनं मान ठेवायचा म्हणून घेतली आणि बाजूला निजवली. मग कपाटात हात घालून तळाशी पडलेली लाल मोटार काढली. पुढची चाकं तुटलेली, वरची टप फुटलेली. तिनं ती उलटी केली, पोटावरचा आकडा वाचला आणि रिमोट उलटा करून त्याच्यावरचा आकडा वाचला. दोन्हीकडं २७ लिहिलेलं होतं.

‘मॅडम, सेल हायेत?’

भिंतीवरच्या घड्याळाचा एक आणि ड्रॉवरमधले काही असे सेल जमवून घातले. तिनं बटण दाबलं आणि मोटारीच्या पोटात ‘घुर्रर्र’ झालं! मैत्रिणींनो, मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलंय. त्या क्षणी मला कळलं नाही की एका खेळण्याचा रिमोट दुसऱ्या खेळण्याला कसा चालला. आठ वर्षांच्या मुलीनं मात्र आकडा जुळवून पाहिला होता.

नंतर मी माहिती काढली. हा आकडा म्हणजे सत्तावीस मेगाहर्ट्झ. रिमोटमधून रेडिओच्या लाटा जातात, त्यांची ही पट्टी. स्वस्तातल्या जुन्या खेळण्यांत बहुतेक एकाच जातीची चिप असते. रिमोटमध्ये सांगणारी आणि गाडीत ऐकणारी. त्यामुळं आकडा आणि चिपची जात जुळली की एका घरचा रिमोट दुसऱ्या घरच्या गाडीला हलवतो. अलीकडच्या खेळण्यांवर २.४ गिगाहर्ट्झ लिहिलेलं असतं. ती आधी एकमेकांशी जोडी जमवतात आणि परक्याचं ऐकत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये १८९८ साली निकोला टेस्ला यांनी पाण्याच्या टाकीत एक छोटी बोट तारेशिवाय दुरून चालवून दाखवली होती. तिथून ही विद्या सुरू झाली आणि आपल्या जत्रेतल्या टोपलीपर्यंत आली.

मुलगी म्हणाली, ‘ह्याचा ट्रक करूया.’

आई ताडकन म्हणाली, ‘ट्रक नको. ट्रकनंच घर खाल्लं माझं.’

मुलगी खाली बघून म्हणाली, ‘ट्रकनं काय केलं? ट्रक तर बाहेर उभा असायचा.’

त्यावर आई काही बोलली नाही. त्या दिवशी विषय तिथंच राहिला. पुढच्या तारखेला ती स्वतःच माहेरच्या घरातून एक पिशवी भरून घेऊन आली. परीक्षेचं जुनं हार्डबोर्डचं पॅड, तासगावच्या बेदाण्याचा रिकामा खोका, कपाटाच्या पायाचं एक छोटं फिरतं चाक, थोडी वायर, मशीनच्या डब्यातले स्क्रू. ‘बघू तरी,’ एवढंच म्हणाली.

आणा इकडे

ट्रक कसा केला ते नीट सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाला करावासा वाटेल.

लाल मोटारीच्या पोटातली हिरवी पट्टी, म्हणजे सर्किट, चांगली होती. पण पुढची चाकं वळवायची यंत्रणा पार मोडलेली. मग ट्रक वळणार कसा? आम्ही दोघी विचार करत बसलो. आईच म्हणाली, ‘औत वळवताना काय करतो? आतला बैल थोपवायचा, भायेरचा चालवायचा. आपोआप वळतंय.’ झालं! त्या पट्टीतून दोन मोटरींसाठी तारा निघतात. एक जोडी पुढं-मागं जाण्याची, दुसरी वळण्याची. दोन्ही जोड्यांना एकेक मोटर लावायची, एक डाव्या चाकाला, एक उजव्या. दोन्ही चालल्या की ट्रक सरळ. एक थांबली की त्या बाजूला वळला. पुढं फक्त फिरतं चाक, ते जाईल तिकडं जातं. इंजिनियर लोक याला काय म्हणायचं ते म्हणोत, आमच्याकडं याचं नाव बैलजोडी.

नुसती मोटर भन्नाट फिरते पण तिच्यात ओढ नसते. त्यासाठी मध्ये दातेरी चाकं लागतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पिवळ्या गिअर-मोटरी मिळतात, चाकांसकट. तेवढी एकच वस्तू आम्ही विकत आणली. बाकी सगळं भंगारातलं. मोटरी आणि सर्किट पॅडवर बसवलं, सेलचा खाचा मागं, वर बेदाण्याच्या खोक्याचा हौदा. चार पेन्सिल सेल ट्रकमध्ये, रिमोटमध्ये त्याचे वेगळे. एक सूचना : पैसे वाचवायला मोबाईलची जुनी, फुगलेली बॅटरी कुणी वापरू नका. ती पेट घेऊ शकते.

आता माझी चूक सांगते. तीच सांगायला मी उभी आहे.

तारा जोडायला सोल्डरिंग लागतं. गल्लीतल्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडून आम्ही सोल्डरिंगची कांडी मागून आणली होती. देताना ते म्हणाले, ‘तुम्ही कशाला? आणा इकडे, अर्ध्या तासात करून देतो.’ भला माणूस. मनात काही वाईट नाही. मी मोठ्या अभिमानानं म्हटलं, ‘नको, आम्हीच करणार.’

केंद्रात आलो. आईनं कांडी हातात धरली. हात थरथरत होता. कथिल तारेवर बसण्याऐवजी पॅडवर थेंब पडला. पुन्हा पडला. साडेपाच वाजले होते, मला शेवटची एसटी पकडायची होती. मी म्हटलं, ‘आणा इकडे!’ आणि तिच्या हातातून कांडी घेतली.

ती बाजूला सरकली. राग नाही, काही नाही. सहज बोलल्यासारखी म्हणाली, ‘मॅडम, त्या अर्जाच्या येळी बी तुमी असंच केलं हुतं.’

मैत्रिणींनो, मी कांडी खाली ठेवली. कुठला अर्ज ते मला लगेच कळलं होतं.

अर्ज कुणाचा?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तो आपल्या सगळ्यांना पाठ आहे. कलम १२ खाली अर्ज, कलम १८ खाली संरक्षण, १९ खाली राहण्याचा हक्क, २० खाली खर्चापाण्याचे पैसे, २३ खाली अंतरिम आदेश. अर्ज आल्यावर साधारण तीन दिवसांत पहिली तारीख आणि साठ दिवसांत निकाल लागावा असा प्रयत्न, असं कायदा म्हणतो. पोटगीसाठी पूर्वी फौजदारी संहितेचं कलम १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १४४ झालं. ही सगळी कलमं मला येतात याचा मला अभिमान होता. आहे.

तिचा अर्ज मी लिहिला होता. एका दुपारी बसून, सुंदर भाषेत. ‘अर्जदार महिलेचा सामनेवाले यांनी शारीरिक, मानसिक, भावनिक तसेच आर्थिक छळ केला.’ ती बोलत होती आणि मी तिचं बोलणं ‘नीट करून’ लिहीत होते. मध्येच ती काही सांगू लागली की मी म्हणायचे, ‘ते येईल हो पुढं.’ शेवटी तिनं सही केली. अंगठा नव्हे, सही. ती सातवी शिकलेली आहे. वाचून बघा असं मी म्हटलं नाही. एसटीची वेळ तेव्हाही झाली असणार.

मग कोर्टात तिची साक्ष आली. समोरच्या वकिलानं अर्ज हातात धरून एकच प्रश्न विचारला, ‘बाई, तुमच्या अर्जात आर्थिक छळ लिहिलंय. म्हणजे काय ते सांगा.’ ती गप्प. पुन्हा विचारलं. ती म्हणाली, ‘म्हायती न्हाई.’ वकील हसला. ‘तुमचाच अर्ज ना हा?’ ती माझ्याकडं बघत राहिली. मला तिथं बोलता येत नव्हतं. तारीख पुढं गेली, आणि पुढं म्हणजे काही महिने पुढं. त्या काही महिन्यांत मुलीच्या शाळेचा खर्च तिच्या भावानं केला आणि भावजयीनं तो रोज ऐकवला.

बाहेर आल्यावर मी तिला काय म्हटलं असेल? ‘अहो, सांगायचं ना, घाबरायचं कशाला!’ म्हणजे दोष तिचाच.

आणि आर्थिक छळ म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं का? सोल्डरिंगच्या त्या संध्याकाळी, एसटी चुकवून, मी तिला पहिल्यांदा नीट विचारलं. ती म्हणाली, ‘त्यो धाब्यावर कोंबडी खायाचा आन घरात पीठ नसायचं. मी पीठ उसनं आणायची. पीठ आणलं म्हणून मार खायाची, की गावात माझी लाज काढलीस.’ कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात याहून स्पष्ट व्याख्या मी वाचलेली नाही. हे सगळं तिच्याकडं होतं. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि माझे शब्द तिच्या हातात दिले. कोर्टात ते तिच्या कामाचे नव्हते.

रिमोट मिळाला आणि ट्रक राहिला, ते असं. अर्ज मिळाला, बोलणं राहिलं.

हात पाठीमागे

पुढच्या शनिवारी आमच्या एका कार्यकर्तीची मुलगी मदतीला आली. ती डिप्लोमाला शिकते, इलेक्ट्रॉनिक्सला. आल्या आल्या तिनं दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हणाली, ‘मी सांगीन, हात लावणार नाही.’ आम्हाला हसू आलं. पण दोन तास ती खरंच तशी उभी राहिली. आधी तार घासून घ्या. आधी तार तापवा, मग तापलेल्या तारेला कथिल लावा, कांडीला नको. आता फुंकू नका, आपोआप गार होऊ द्या. आईचे पहिले तीन जोड सुटले. चौथा टिकला. तिनं तो ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला आणि मुलीला म्हणाली, ‘तू वढ.’

ट्रक जमिनीवर ठेवला. मुलीनं दोन्ही बटणं दाबली. ट्रक जागच्या जागी भिंगरीसारखा फिरू लागला! एक चाक पुढं, एक मागं. मुलगी हिरमुसली. पोरगी हात पाठीमागे ठेवूनच म्हणाली, ‘एका मोटरीच्या दोन तारांची अदलाबदल करा.’ केली. ट्रक सरळ निघाला, पण चार हात जाऊन थांबला. रिमोट जवळ नेला की चालायचा. कारण मोटर फिरताना तिच्यातून बारीक ठिणग्या उडतात, त्यांची खरखर रेडिओच्या कानात जाते आणि त्याला रिमोटचं ऐकू येत नाही. मोटरीच्या दोन टोकांमध्ये एक बारीक कपॅसिटर जोडायचा, १०४ लिहिलेला. तो भंगारातल्या रेडिओत मिळाला. लाल मोटारीची एरियलची तारही तुटलेली होती, ती लांब केली. मग ट्रक खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला गेला.

तरीही तो डावीकडं ओढत होता. ते का, हे डिप्लोमावालीलाही चटकन कळेना. आई जमिनीवर आडवी झाली, डोळा चाकाच्या रेषेत लावला आणि म्हणाली, ‘चाक पॅडाला घासतंय. मशीनचं चाक घासलं की असाच आवाज येतो.’ दोन वॉशर घातले. आवाज गेला, ओढणं गेलं.

इथं मी तुम्हाला एक विचारते. आपण किती बायकांना शिलाई मशीन मिळवून दिली? मोजदाद नाही. योजनेतून, देणगीतून, सामाजिक बांधिलकीच्या निधीतून. मशीनबरोबर स्क्रू-ड्रायव्हर कितीजणींना दिला? पट्टा सैल झाला, शटल अडकलं, टाका उसवायला लागला की ती काय करते? बरंचसं ती स्वतःच दुरुस्त करते. बारा वर्षं मशीन चालवणाऱ्या बाईला चाक, पट्टा, ताण, तेल, सगळं हातानं कळतं. पण त्याला आपण तांत्रिक ज्ञान म्हणत नाही, आपण त्याला ‘शिवणकाम येतं’ म्हणतो. आणि मशीन खरंच बंद पडलं की मेकॅनिक पुरुष येतो.

ही वाटणी जुनी आहे. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथं लोखंडी नांगर तयार झाले, पुढं पंप झाले. त्याच वाडीतून १९३० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केलं. त्या मासिकानं मराठी बायकांच्या कितीतरी पिढ्यांना विचार करायला शिकवलं, त्याचं ऋण आपल्या सगळ्या चळवळीवर आहे. पण एकाच माळावर लेथही होता आणि छापखानाही होता. आपल्या वाट्याला मासिक आलं. लेथ आपण मागितलाच नाही.

ज्यांनी मागितला त्यांचंही सांगते. सुरेखा यादव या साताऱ्याच्या, जन्म १९६५ चा. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून त्यांनी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, १९८६ साली रेल्वेत निवडल्या गेल्या आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वे इंजिन-चालक म्हणून ओळखल्या गेल्या. ८ मार्च २०११ ला त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. २०२५ च्या सप्टेंबरात त्या निवृत्त झाल्या. दुसऱ्या योगिता रघुवंशी. नंदुरबारच्या, राहायला भोपाळला. वकिलीची पदवी आहे. नवरा गेल्यावर दोन मुलांना वाढवण्यासाठी त्यांनी मालवाहू ट्रक हातात घेतला आणि देशभर चालवला. ही नावं मी त्या मुलीला सांगितली. तिनं विचारलं, ‘साताऱ्याच्या? आपल्या साताऱ्याच्या?’ 

कुणी म्हणेल, या एकेकट्या बायका झाल्या. तर उत्तर प्रदेशातला बांदा जिल्हा बघा. तिथं महिला समाख्याच्या कामात नव्वदच्या दशकात खेड्यातल्या, बऱ्याचशा दलित आणि निरक्षर बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाणी भरण्याचं काम बायकांचं आणि पंपाचा पाना पुरुषांचा, ही वाटणी त्यांनी मोडली. पंप बंद पडला की कोणाची वाट बघत बसणं संपलं.

आणि खेळण्यांचं म्हणाल तर अरविंद गुप्ता यांचं नाव तुम्हाला माहीत असेल. आयआयटी कानपूरचे इंजिनियर. पुण्याला टेल्कोत, म्हणजे ट्रकच्याच कारखान्यात होते. तिथून रजा घेऊन १९७८ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबपासून मुलांसाठी वस्तू करू लागले. पुढं आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊतून शेकडो खेळणी केली. त्यांच्या कामातून मला कळलं ते एवढंच की मूल जे खेळणं उघडून बघू शकतं, तेच खरं त्याचं. आपल्याकडं मुलींना खेळणं जपायला सांगतात आणि मुलांनी मोडलं तर कौतुक करतात, ‘इंजिनियर होणार!’

पुढं काय झालं

ट्रक झाला. मुलीनं मागं लिहिलं ‘हॉर्न ओके प्लीज’. पुढं, जिथं ट्रकवाले आई-वडिलांची कृपा किंवा मुलांची नावं लिहितात, तिथं तिनं आईचं नाव लिहिलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव लावणं सक्तीचं झालंय. ही मुलगी त्याच्या आधीची. तिनं शासननिर्णयाची वाट पाहिली नाही.

पुढच्या तारखेच्या आधी आम्ही तिचं प्रतिज्ञापत्र नव्यानं करायला घेतलं. या वेळी वही तिच्यासमोर आणि माझे हात पाठीमागे. खरंच पाठीमागे, नाहीतर राहवत नाही. तीन बैठका लागल्या. तिच्या शब्दांत तिनं लिहिलं. मी फक्त विचारत गेले, कधी झालं, कोण होतं तिथं, पुढं काय. वकीलताईंनी त्याला कलमं जोडली, पण वाक्यं मोडली नाहीत. पीठ उसनं आणल्याचं वाक्य तसंच राहिलं. कोर्टात त्याच वकिलानं तोच प्रश्न विचारला. तिनं उत्तर दिलं. हसायला कुणी नव्हतं.

अंतरिम रक्कम मंजूर झाली. फार नाही. आणि ती दर महिन्याला येते असंही नाही. दोन महिने येते, एक महिना बुडतो, मग वसुलीचा अर्ज. तो अर्ज ती आता स्वतः लिहिते. नवरा सुधारला नाही, भावजयीचं बोलणं थांबलं नाही. मी तुम्हाला विजयाची कहाणी सांगायला आलेले नाही. पण गल्लीतल्या दोघी-तिघी तिच्याकडं मिक्सर आणि मशीन घेऊन येतात. त्या म्हणतात, ‘करून दे.’ ती म्हणते, ‘बस. तूच उघड.’

आमच्या केंद्रात आता बाहुल्यांच्या कपाटात एक पत्र्याचा डबा आहे. दोन स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, सोल्डरिंगची कांडी, मोडकी खेळणी. आया आत बोलत असतात तेव्हा मुलं बाहेर ती उघडतात. मुली आधी विचारतात, ‘उघडू का?’ मुलगे विचारत नाहीत. या एका गोष्टीवर तुमच्या केंद्रात लक्ष ठेवून बघा.

आणि दुसरी गोष्ट स्वतःसाठी. वेळ कमी असतो, केसेस खूप असतात, समोरची बाई रडत असते, आपल्याला कायदा येत असतो. तेव्हा ‘आणा इकडे’ तोंडातून निघतंच. काही वेळा ते म्हणावंही लागतं. रात्री अकरा वाजता मार खाऊन आलेल्या बाईला कुणी वही-पेन देत नाही, तिला आधी दवाखाना आणि छप्पर लागतं. पण त्या रात्रीनंतर किती दिवस आपण तिच्या हातातलं काम आपल्या हातात ठेवतो? तिचा अर्ज, तिचा फोन, तिचं पोलिसांशी बोलणं, तिचं सभेत बोलणं? दुरुस्तीवाले काका अर्ध्या तासात ट्रक करून देणार होते. चांगला झाला असता. तो मुलीचा मात्र झाला नसता, आणि पहिल्यांदा बंद पडला की कपाटाच्या तळाशी गेला असता.

आता जेवणाची सुट्टी आहे. हा ट्रक इथं मध्ये ठेवते. हे चार सेल, हे रिमोटचे. हा स्क्रू-ड्रायव्हर. येताना एसटीत डावीकडची एक तार सुटलीय, ती मुद्दाम तशीच ठेवलीय. ज्या मैत्रिणीनं आजवर सोल्डरिंगची कांडी हातात धरली नाही, तिनं पहिल्यांदा यावं. कथिल सांडलं तरी चालेल. मी बाजूला उभी आहे, हात पाठीमागे ठेवून.